पप्पांचे दीडशे यार्ड

प्रिय पप्पा,

एक आकडा विचारायचा होता आणि तो तुमच्याशिवाय कोणालाच विचारता येत नव्हता, म्हणून हे पत्र. उत्तनच्या रस्त्यावरच्या तुमच्या गोल्फच्या मैदानात रविवारच्या मित्रांनी तुमच्या आठवणीसाठी तुमच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं. पटेल अंकलचा फोन आला. "बेटा, लिखना है कि परब सात नंबर की स्टिक से कितने यार्ड मारता था. डेढ़ सौ लिख दूँ?"

सांगते म्हटलं. मग तो आकडा कागदावर लिहून खोडत बसले.

जमिनीची मोजणी करणारे तुम्ही. दोन भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावले तरी तुमच्या हातातली टेप हलायची नाही. मला अंक शिकवलेत तेही टेपवरच, सिल्व्हर पार्कच्या घराचा हॉल मोजायला लावून. "मोजताना लाड करायचे नाहीत," म्हणायचात. पडद्याचं माप मी बोटभर जास्त धरलं, तर पुन्हा स्टुलावर चढवायचात.

मग हे दीडशे कुठून आले, पप्पा?

मी तुमच्या मागेच उभी असायचे. सात नंबरच्या काठीने मारलेला चेंडू पडायचा एकशेवीस यार्डांवर. एकदाच, मे महिन्यात, मैदान दगडासारखं झालेलं, पाठीमागून समुद्राचा वारा, तेव्हा तो टणाटण उड्या मारत दीडशेच्या खांबाला लागला. त्या दिवसापासून तुमचा सात नंबर कायमचा दीडशेचा झाला. एका पावसात विहीर भरली म्हणून कोणाला सातबाऱ्यावर बागायत लिहू दिलं असतंत का?

आणि ते तळं! पलीकडचा काठ एकशेचाळीसवर. तुम्ही हिशेबाने सात नंबरच काढायचात. "दीडशे जातो, आरामात पार." डुबुक. मग उत्तनचे मायकल अंकल, "वारा समोरून हाय रं," म्हणत तीच काठी काढायचे. डुबुक. लांब जाणारा पाच नंबर पिशवीत होता ना? तो काय पूजेला ठेवला होता?

रविवारी मैदानावर गेले आणि चहाच्या टेबलापाशी सांगून टाकलं. "एकशेवीस."

पटेल अंकलनी बिस्कीट चहात बुडवलं ते तिथेच राहिलं. मग मायकल अंकल म्हणाले, "अगं बाय, तुजा बाप माज्या म्होरं मारायचा. त्याचे एकशेवीस, तं माजे किती?"

"इसमें सबका नुकसान है, बेटा," पटेल अंकल म्हणाले.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमचे तीस यार्ड कापले, की सगळ्यांचेच कापले जाणार.

शेवटी ठरलं, आकडाच नको. पाटीवर एवढंच लिहायचं: 'परबचा चेंडू इथे पडायचा.' जागा दाखवायला मी पुढे निघाले. मी थांबले तरी हे दोघं चालतच होते. हाका मारून मागे बोलावलं. पाटी जिथे हवी तिथेच रोवली, लाड न करता.

मग पटेल अंकलनी तुमची काठी माझ्या हातात दिली. "पहला शॉट तेरा."

मी मारला. चेंडू पाटीच्या बराच अलीकडे पडला.

"किती?" मायकल अंकलनी विचारलं.

"नव्वद."

"काय बोलतं? शंभरच्या वर व्हता."

"एक सौ दस," पटेल अंकल म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला हसू आलं. मोजायला शिकवलंत, पप्पा. पण रविवारी तुम्ही मोजायला जात नव्हतात, हे का नाही कधी सांगितलंत?

पाटी इंचभरही सरकू देणार नाही. दर रविवारी जाऊन बघेन, कारण मायकल अंकलची नजर तिच्यावर आहे. माझे नव्वद नव्वदच राहतील. पण त्यांचा चेंडू तळ्यात गेला, की त्यांच्या आधी मीच म्हणेन, "वारा समोरून होता, अंकल."

तुमची,
नव्वद यार्डवाली मनू