तीन महिन्यांची ऑर्डर

सर, श्रीरामपूरला कापडदुकानाच्या माडीवर चार टाइपरायटर घेऊन तुम्ही क्लास चालवायचात, तिथे कोल्हारहून एस.टी.ने येणारी मुलगी मी. सत्तर-एकाहत्तर साल असेल. तुम्ही कोर्टातून स्टेनो म्हणून निवृत्त झालेले. लघुलेखन शिकवताना चेहरा कडक, पण चुकलेला कागद मात्र कधी फाडला नाहीत.

साखर कारखान्यात मला टायपिस्टची जागा मिळत होती आणि त्याच आठवड्यात नगरच्या कोर्टातून स्टेनोच्या जागेचं पत्र आलं. घरी सगळ्यांचा ओढा कारखान्याकडे. तुम्ही स्वतः कोल्हारला आलात. अजून दिसतं मला: तुम्ही आणि वडील ओट्यावर बसलाय, मी दाराआड उभी आहे.

“गुरुजी, कारखान्यात पगार जास्त हाय. पोरगी रोज घरी येईल. कोर्टात काय हाय?” वडील विचारतात.

तुम्ही काहीच फुगवून सांगितलं नाहीत. “पगार कमीच आहे. नेमणुकीची ऑर्डर तीन महिन्यांची, मग पुन्हा तीन महिन्यांची. कायम व्हायला तीन-चार वर्षंही जातील. पण कारखान्यात टायपिस्ट ती टायपिस्टच राहते. स्टेनोचा वेग वाढला, इंग्रजी आलं, तर वरच्या साहेबांकडे जागा निघते. शेवटी पेन्शन आहे. आणि हिचा हात चांगला आहे.”

वडिलांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. “तुमी म्हनता तर जाऊ द्या.”

नगरला मावशीकडे राहिले. पहिली ऑर्डर संपायला आठवडा उरला होता तेव्हा न्यायाधीश साहेबांनी जमिनीच्या एका दाव्याचा निकाल मला उतरवून घ्यायला सांगितला. बाहेर कुणीतरी ओरडलं आणि एक शब्द माझा सुटला. ताबा ‘होता’ की ‘नव्हता’? मी अंदाजाने ‘होता’ लिहिलं, टाइप करून कागद सहीला ठेवले. रविवारी श्रीरामपूरला क्लासवर येऊन मोठ्या फुशारकीने तुम्हाला सांगितलं, की मी अडले नाही, वेळ मारून नेली.

तुम्ही हातातला कप खाली ठेवलात. “अंदाज घरच्या आमटीत कर. तिथं कुणाची तरी जमीन आहे. उद्या सही व्हायच्या आत साहेबांना सांग.”

“पण सर, ऑर्डर संपतेय. पुढची नाही दिली तर?”

“तर कारखाना आहेच की.”

रात्रभर तुमचा राग राग केला. सकाळी साहेबांसमोर उभी राहिले आणि कुठला शब्द सुटला ते सांगितलं. त्यांनी कागद वाचला, पेनने माझा ‘होता’ खोडला, वर ‘नव्हता’ लिहिला आणि एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी मला थांबवा.” त्या आठवड्यात पुढची ऑर्डर मिळाली. चौथ्या वर्षी कायम झाले. इंग्रजी परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली आणि निवृत्त झाले ती जिल्हा न्यायाधीशांच्या स्टेनोच्या खुर्चीतून. कारखान्यात गेले असते तर सुरुवातीला चार पैसे जास्त दिसले असते, खरं आहे. पण पेन्शनवर मी मजेत आहे, सर. सकाळी फिरायला जाते, दुपारी झोप काढते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला कधी न सांगितलेलं एक लिहिते. पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत, “काय निघालं?” मी म्हटलं, “माझा शब्द बरोबरच होता.” तुम्ही खूश होऊन खाली चहा सांगितलात, आणि मी तो प्यायले.