चांगली बाजू

१४ नोव्हेंबर, रोहा
सकाळच्या गाडीनं पेणहून आले. स्टुडिओ बंद ठेवून. अण्णांना झटका येऊन महिना झाला. तोंड उजवीकडे ओघळलंय, उजवा हात गेला, बोलणं गेलं. आईनं दारातच धरलं. "सुलू, त्यांचा एक फोटो काढ गो. चांगल्या बाजूनं. पुढं भिंतीवर लावायला लागंल."
माणूस आत जेवतोय आणि ही हाराच्या फोटोचं बोलतेय! चिडले. मग रडूच आलं, कारण तिचं खरं आहे. जन्मभर अख्ख्या रोह्याचे फोटो काढले त्यांनी, स्वतःचा एक धड नाही.

१५ नोव्हें.
खिडकीपाशी खुर्ची. जमिनीवर खडूच्या खुणा, पेणला करते तशा. डावा गाल उजेडात, उजवा अंधारात. खुणा बघून अण्णा हसले, अर्ध्या तोंडानं. आमचं जुनं भांडण. त्यांनी कधी काही मांडलं नाही. गप्पा मारता मारता खटकन दाबायचे. "चेहरा आपला आपण येतो, आणायला जायचं नाय." मी उलटी. आधी ठरवायचं, मग काढायचा. तुमच्या फोटोंतल्यासारखी मिटल्या डोळ्यांची गिऱ्हाइकं नाहीत माझ्याकडे, असं तोंडावर सुनावलं होतं एकदा.
दाबायच्या क्षणी दर वेळी मान वळवली त्यांनी. सरळ माझ्याकडे. वाकडं तोंड पुढे.
"अण्णा, हलू नका ना!" ओरडले मी. आजारी माणसावर.
आई म्हणाली, "मुद्दाम करतायत. खोड मेली जात नाय."

१८ नोव्हें., पेण
रोल धुतला. सगळे हललेले. एकच बरा, वळायच्या आधीचा. उजेड सुरेख. शोकेसमध्ये लावावा असा. शेजारच्या दुकानातल्या काकू डोकावल्या. "कोण गो हे? तुझे मामा काय?" अण्णांना वीस वेळा तरी बघितलंय त्यांनी.


२५ नोव्हें., रोहा
ठरवलं, की आता काही ठरवायचं नाही. (हेही ठरवलंच. धन्य!) कॅमेरा गळ्यात घालून घरभर हिंडले. काही नाही. आधी डोक्याला विचारते, मग बोट हलतं. तोवर संपलेलं असतं.
दुपारी आई पेज भरवत होती. हनुवटीवरून सदऱ्यात सांडली. आई म्हणाली, "लग्नाच्या पंगतीत पण असंच सांडलं होतंत," आणि अण्णा हसले. पुरते अण्णा. वाकडं तोंड, ओली हनुवटी, डोळ्यांत तोच वात्रटपणा.
आणि मी काय केलं? फोटोत मागे दोरीवरचा टॉवेल येत होता, तो काढायला उठले.
टॉवेल!

२ डिसें.
दुसरा झटका. डॉक्टर म्हणतात, आता घरीच ठेवा. कुणालाच ओळखत नाहीत. मी "अण्णा, सुलू आलेय" म्हणते आणि ते आढ्याकडे बघतात.

५ डिसें.
आईला दोन फोटो दाखवले. एक उजेडातला. दुसरा हललेला, वळतानाचा. ओठ खाली, पण डोळे माझ्यावर. हललेला तिनं लगेच पालथा घातला. "हा नको गो. बघवत नाय." उजेडातला मात्र खूप वेळ बघितला. पदरानं पुसून पुन्हा बघितला.
"हे पण ते नाय," म्हणाली. मग, "काढ ना अजून एक."
कुणाचा काढू, आई? मनातल्या मनात. मान डोलावली फक्त.

७ डिसें.
कॅमेरा पिशवीतच. आई सकाळपासून दोनदा विचारून गेली, "काढतेस ना?"
ओल्या फडक्यानं अण्णांचं तोंड पुसलं. मान उशीवर नीट ठेवली. हात धुताना लक्षात आलं, मी ती खिडकीकडे वळवून ठेवलीय. डावा गाल उजेडात. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाही कळलं नाही.
धावत आत गेले. तशीच होती.
समोर बसलेय. मान वळवतील म्हणून.