देव्हाऱ्यापुढची काचपट्टी

बोरीवली, मार्गशीर्ष वद्य पंचमी

देवघरातल्या खिडकीशी उजेड चांगला, म्हणून नातीने आज पूजेच्या वेळीच सूक्ष्मदर्शक तिथे मांडला. ती डॉक्टरकी शिकते; उद्या तिची ऊतिशास्त्राची, म्हणजे शरीरातल्या पेशींच्या रचनेची, परीक्षा. इतक्यात माझे धाकटे बंधू आले आणि काचपट्टीवर कातडीचा काप आहे हे तिच्याकडून कळताच कडाडले, "दादा, मेलेल्या माणसाची कातडी देवापुढे? सोवळ्याची वाट लागली!"

नात काचपट्ट्या आवरू लागली. ते मला सहन झाले नाही. सोवळ्यातच उठून मी भिंगाला डोळा लावला. ती पुटपुटली, "आजोबा, दुसरा डोळाही उघडा ठेवायचा ना, म्हणजे डोळे शिणत नाहीत!"

गुलाबी पेशींचे थर, एकावर एक, किती नेटके! देहाविषयी आयुष्यभर प्रवचने केली. देह पाहिला मात्र आज. ती कातडी अपवित्र, तर माझ्या अंगावरची कोणती?

बंधूंना म्हटले, "मी पुन्हा स्नान करणार नाही. तुला हवे तर तू कर." आणि नातीला, "आवरू नकोस गं. पुढची लाव."