दर्यामहाल पुन्हा उघडतोय

१२ जानेवारी
निशिगंधाचा फोन! दर्यामहालच्या मालकांची नात. धरमतरच्या खाडीवरचं ते हॉटेल पुन्हा उभं करतेय. "मैनाकाकी, तुम्ही इतकी वर्षं तिथल्या टेलिफोनवर होतात. जुन्या गोष्टी सांगायला याल?"
नाही म्हणणार होते. मी काय इथे रोह्याजवळ वरसे गावात रिकामी बसलेय? — मग कपाटातली निळी साडी काढून इस्त्रीला दिली.

१५ जानेवारी
गेले. पेणला उतरून पुढे रिक्षा. सागवानी जिन्याला पॉलिश चाललंय, दिवाणखान्याचा जुना गिलावा उतरवलाय. मुंबईचे पाहुणे लाँचने धक्क्याला उतरायचे, बँड वाजायचा — सगळं निशिगंधाला सांगत सुटले!
फाटकात जनू. आमचा दरवान, इथल्याच मिठागरवाल्यांतला. हॉटेल बंद पडलं, आम्ही सगळे पांगलो, हा राहिला. बायको गेल्यावर तर स्वयंपाकघरामागची खोली हेच त्याचं घर. छत गळायला लागलं तेव्हा मोठ्या झुंबराचे लोलक एकेक करून उतरवले, गोणपाटात बांधून ठेवले.
"कशापायी रे?"
"कोनतरी येल म्हनून."

४ फेब्रुवारी
फाटकावर आता एजन्सीचे गार्ड येणार. जनूच्या खोलीच्या जागी लाँड्री. नकाशात पाहिलं म्हणून कळलं. त्याला कुणी सांगितलेलंच नाही! निशिगंधाला विचारलं तर तिचा चेहरा उतरला. "काकी, तिथे कुणी राहतं हेच माझ्या लक्षात आलं नाही हो."

५ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. एकटीपुरता स्वयंपाक, तोही उरला.

१९ फेब्रुवारी
निशिगंधा मनाने चांगली. तोडगा काढलाय — जनूने फेटा बांधून दारात उभं राहायचं, पाहुणे सोबत फोटो काढतील. राहायला दुसरी खोली.
जनू म्हणाला, "दार उघडाया सांगा, उघडतो. शोभेला नाय उभा राहनार."
मला राग आला. "मग जाशील कुठे या वयात?"
"बघू."
"बघू काय? माझ्याकडे दोन खोल्या आहेत!" — बोलून गेले.
त्याने खाडीकडे तोंड फिरवलं. मग हळूच, "लोक काय बोलतील गो?"
गो म्हणाला! आजवर मैनाबाई होते. तडक निघाले, मिळेल ती बस पकडली. तोंड लाल झालं असणार.

८ मार्च
जनू घरी आला होता. पहिल्यांदाच. सुका जवळा घेऊन. चहा प्याला, बसून राहिला. दोघांनीही हॉटेलचं नाव काढलं नाही.

२ मे
आज दर्यामहालचं उद्घाटन. दोघांनाही आमंत्रण होतं. गेलो नाही. सकाळीच रोह्यात धावीर महाराजांच्या देवळात आम्ही लग्न केलं.