पाळीच्या नावावर खपवलेलं

ताई,
तू उठायच्या आत निघतेय, तुझ्या तोंडाकडे बघायची लाज वाटते. परवा माझ्या हातून वजनांचा बार पडला, तेव्हा "पाळी आलीय, सर," असं मी ठोकून दिलं. पाळी नव्हतीच, मी सराव बुडवला होता. सरांनी लगेच फतवा काढला, त्या दिवसांत कुणी जड वजन उचलायचं नाही. काल तुला खरंच पाळी आली आणि आजच्या निवडीतून तुझं नाव कापलं गेलं. "पाळीत माझा जोर कमी होत नाही," हे तू परोपरीने सांगितलंस. नंतर उशीत तोंड खुपसून रडलीस, आणि मी झोपेचं सोंग घेतलं.

आता सगळ्यांसमोर खरं सांगायला चाललेय. वजन उचलताना लावायचा तुझा कमरपट्टा तुझ्या बॅगेत भरलाय. निवडीला नक्की ये. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.