धर्माचा रकाना

अकोट फैल, अकोला
दि. १८ डिसेंबर १९६०

ती. दादास,
धाकट्या पंचफुलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझे कार्ड मिळाले. आईच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरे वाटले. उत्तराला उशीर झाला त्याचे कारण ऐकशील तर हसशील. सरकारने तुझ्या बहिणीला लोकांची दारे मोजायला लावले आहे. फेब्रुवारीत खानेसुमारी आहे आणि त्याआधी घरांवर नंबर टाकायचे आहेत. आमच्या शाळेतल्या सहा जणांना हे काम आले, त्यांत बाई मी एकटीच. हेडमास्तर म्हणाले, बाईंना रामदासपेठेतली बंगल्यांची ओळ द्या, बसायला खुर्ची तरी मिळेल. मी अकोट फैल मागून घेतले. दुसऱ्या कोणाला ते नकोच होते, म्हणून भांडावे लागले नाही.

दादा, ज्या गल्लीत तीन वर्षे राहते ती मी आता पहिल्यांदा पाहते आहे. कुडाची घरे जाऊन विटांची आली, पण बऱ्याच ठिकाणी नुसती पुढची भिंत विटांची, मागे अजून कुडच. देवळीत शेंदूर फासलेले दगड असायचे. तिथे आता कंगवा, खोबरेल तेलाची बाटली आणि पोरांच्या पाट्या असतात. एका म्हाताऱ्या आजीला नातवाचे मिलिंद हे नाव जिभेवर बसत नाही, ती त्याला मिलन्या म्हणून हाक मारते आणि तो रागावून येतच नाही. हातगाडी ओढणारे पुंजाजी म्हणाले की आमचा नंबर मोठा काढ बाई, पोस्टमनला लांबून दिसला पाहिजे. त्यांचा मुलगा पलटणीत गेला आहे. अजून एकही पत्र आलेले नाही.

माझे हात गेरूने इतके लाल झाले आहेत की गल्लीतली पोरे मला रंगारीण म्हणू लागली आहेत. सहदेव मॅट्रिक झाला, त्याचे पुढे काय ठरले ते कळव. वहिनीस जयभीम. कामात असलास तरी या बहिणीची आठवण सोडू नकोस.

तुझी,
पंचफुला

फ्रेजरपुरा, अमरावती
दि. २ जानेवारी १९६१

चि. पंचफुलाले मोतीरामचा आशीर्वाद अन् जयभीम.

तुझ्यासारखं शाळेतलं मराठी मले जमत नाही, म्हणून बोलतो तसंच लिहून राहिलो. चुका काढू नको.

तू दारं पाह्यते, मी सायकली पाह्यतो. दहा सालाआधी माह्या दुकानातून भाड्यानं सायकल नेणारे म्हणजे कोर्टातले चपराशी अन् कॉलेजातले पोट्टे. आता दूधवाला, माळीबुवा, कापसाच्या जिनातला फिटर, ज्याच्या त्याच्याजवळ सोताची सायकल. भाड्याच्या सायकली भिताडाले टेकून उभ्या राह्यतात, अन् मी दिवसभर दुसऱ्याचे पंक्चर काढतो. परवा दवाखान्यातली एक नर्सबाई लेडीज सायकल घेऊन आली. मी ब्रेक कसून देईपर्यंत अर्धा रस्ता उभा राहून पाहून राहिला होता. बाई कोणाकडे न पाहता बसली अन् गेली.

आता खरी गोष्ट. रेल्वेत भरती निघाली आहे. राखीव जागा आहेत, पण जातीचा दाखला लागते. ओळखीचा एक कारकून म्हणे, दिल्लीच्या नोकऱ्यांत बौद्धाइले ते सवलत नाही, जुनी जात लावली तरच दाखला भेटते. अन् खानेसुमारीत जे सांगाल तेच पक्कं होते, मंग बदलत नाही. म्हणून मी ठरवलं. गणतीवाला आला का जुनंच सांगीन, साऱ्या घराचं.

तुले हे आवडणार नाही, मले माहीत आहे. पण मॅट्रिक झालेला पोट्टा माह्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाह्यत बसते. बापाले ते पाहवत नाही. दीक्षा मनात आहे, कागदावर नसली तं काय बिघडते?

माय तुझी लय आठवण काढते. राग आला तरी पत्र बंद करू नको.

तुझा भाऊ,
मोतीराम

अकोट फैल, अकोला
दि. १७ फेब्रुवारी १९६१

ती. दादास,
सविनय जयभीम.

तीनदा उत्तर लिहिले आणि तीनदा फाडले. हे चौथे.

आधी एक गैरसमज काढते. आम्ही माणसागणिक एक अशा ज्या चिठ्ठ्या भरतो त्या कोणालाच दाखवत नाहीत, कोर्टालासुद्धा नाही. तुमच्या दाखल्याचा त्यांच्याशी संबंध नाही. तुझ्या कारकुनाने तुला भलतेच सांगितले. दाखला काढायचा की नाही हे तू आणि सहदेव ठरवा. पण गणतीवाल्यापुढे तरी भिऊन बोलू नकोस.

गेल्या दहाला मोजणी सुरू झाली. गंगूबाई म्हणून एक आहेत. त्यांच्या नवऱ्याने सांगितले, बायको काही करत नाही, घरीच असते. तेवढ्यात त्या आल्या. केसांत, भुवयांत, लुगड्यावर कापूस. दिवस उजाडल्यापासून जिनात सरकी वेचून आल्या होत्या. मी त्यांनाच विचारले, काम काय करता? तर म्हणतात, काही नाही बाई. मग अंगावरच्या कापसाकडे बोट दाखवले तेव्हा हसल्या आणि म्हणाल्या, हेही काम म्हणून लिहितात काय? लिहितात, म्हटले, आणि लिहिले.

काल एका घरी तुझ्यासारखेच झाले. मुलगा टपालखात्यात लागायचा आहे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार, आणि तिच्याच खाली बसून घरधन्याने जुनीच जात सांगितली. मी एकदाच विचारले, त्यांनी एकदाच सांगितले, आणि मी तेच लिहिले. नियम तसा आहे. त्यांची काळजी खोटी नव्हती हेही मला दिसत होते.

मनात आहे म्हणतोस. दीक्षा घेऊन नागपूरहून आलास तेव्हा देवळीतले दगड तूच टोपलीत भरलेस. आई रडत होती, तिचा हात धरून वडाळीच्या तलावापर्यंत चालत नेलेस. रस्त्यात लोक काय म्हणतील हे मी विचारले तर म्हणालास, त्यांना दिसावं म्हणूनच दिवसा निघालो. तेव्हाही मनात ठेवता आले असते.

लहान तोंडी मोठा घास घेतला. मोठेपणाने पोटात घाल.

तुझी,
पंचफुला

फ्रेजरपुरा, अमरावती
दि. २७ फेब्रुवारी १९६१

चि. पंचफुलाले आशीर्वाद, जयभीम.

तुझं पत्र वाचून मले राग आला होता. महिन्याच्या महिन्याले पगार भेटते त्याले असं लिहिता येते, असं तुह्या वयनीपाशी बोललो बी. ते राहू दे. काल काय झालं ते सांगतो.

गणतीवाला आला. तरणा मास्तर, बोलाले गोड. कोण्या शाळेचा ते लिहीत नाही. दुकानातल्या स्टुलावर बसला, साऱ्याइचे नावं इचारले, वय इचारलं, कोणाले लिहिता-वाचता येते ते इचारलं. मी चौथी पास, पण मले उलटं वाचता येते. गिऱ्हाईक समोर बसून भाड्याच्या वहीत लिहिते, तं तशीच सवय झाली. पाह्यतो तं काय, धर्म अन् जात आधीच लिहून आणलेली. सातही चिठ्ठ्यांवर. इचाराच्या आधी.

म्हटलं, मास्तर, हे कोणी सांगतलं? तो म्हणे, काका, सारी गल्ली माहीतच आहे, तेवढाच वेळ वाचते.

पंचफुला, त्यानं तेच लिहिलं होतं जे मी सांगणार होतो. बरोबर तेच. दोन महिने घोकून ठेवलं होतं मी. तरी माह्या अंगाची आग झाली. म्हटलं, हे खोडा अन् मले इचारा. तो म्हणे, काय इचारू? म्हटलं, जे छापलं आहे ते इचारा. तो लाजला. खोडलं त्यानं. मंग इचारलं, धर्म काय लिहू? अन् माह्या तोंडून बौद्ध निघालं. इतक्या जोरानं का समोरचा पानवाला बाहेर आला.

आतून माय म्हणे, माहं बी तेच लिहा, अन् वय सत्तर टाका, हा पासष्ट सांगून राहिला.

दुकान तसंच उघडं टाकून मी मास्तरसंगं गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. म्हटलं, हरेक घरी इचारून लिहा, मी काही बोलणार नाही. बोललो बी नाही. बहुतेकाइनं बौद्ध सांगतलं, दोघा-तिघाइनं जुनं. पण सांगतलं ज्याचं त्यानं.

तुले वाटलं असंल तुह्या पत्रानं झालं. तसं नाही. अन् हे सारं होईपर्यंत सहदेव दारात उभा होता. साऱ्या गल्लीदेखत मी बौद्ध सांगतल्यावर त्यानं आता जुना दाखला काढावा कसा? रातच्याला जेवला नाही. मी त्याले म्हटलं, चिठ्ठीचं मी बोललो, दाखल्याचं तू ठरव, काढला तरी मी काही म्हणणार नाही. त्याच्यावर तुही माया असू दे, सध्या त्याले माह्यापेक्षा तुही गरज आहे.

तुझा,
मोतीराम

फ्रेजरपुरा, अमरावती
दि. ९ सप्टेंबर १९६१

ती. आत्यास,
सहदेवचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमची तीन पत्रे आली, मी एकाचेही उत्तर दिले नाही. बाबांवर राग होता, तो तुमच्यावर काढला. माफी असावी.

मार्च महिन्यात मी दाखल्यासाठी कचेरीत गेलो होतो. बाबांना सांगून गेलो. ते चाकाच्या तारा कसत राहिले. कचेरीत रांग होती. माझ्यापुढे दोनच माणसे उरली तेव्हा मी रांगेतून बाहेर पडलो. का, ते आजही नीट सांगता येत नाही. आजीने दोनदा विचारले, काहून वापस आला? मी म्हटले, खिडकी बंद झाली. ते खोटे होते.

फॉर्म दाखल्याशिवाय पाठवला, परीक्षा दिली. यादी लागली, त्यात माझे नाव नाही. दाखला असता तर लागले असते इतके मार्क होते. हे मी मोजून पाहिले आहे, म्हणून लिहितो. वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. काही दिवशी सकाळी उठल्याबरोबर पहिले तेच आठवते.

आमच्या गल्लीत विजेचे खांब आले. खांब रोवणाऱ्या वायरमनच्या हाताखाली मी पावसाळाभर काम केले आणि वायरिंग शिकलो. आतापर्यंत अकरा घरांत दिवे लावून दिले. पहिल्या घरी बटण दाबले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला एकदम लाजल्यासारखे झाले. बाबा आता दुकानात माझ्यासाठी एक फळी मोकळी ठेवतात. आमचे बोलणे सुरू झाले आहे, अजून कामापुरतेच.

रेल्वेची पुढची भरती जानेवारीत आहे. फॉर्म आणून ठेवला आहे. या खेपेस दाखल्याच्या जागी रेघ मारून पाठवतो, आणि मार्क इतके आणतो की त्यांना ती रेघ ओलांडावी लागेल. गणित थोडे कच्चे आहे. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे येऊन शिकीन म्हणतो, चालेल का ते कळवावे.

यादीत नाव लागो न लागो, आपला लोभ असाच असावा.

आपला,
सहदेव मोतीराम