स्लॅब होईपर्यंत

प्रिय सालोमी,

फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तुला जाऊन वर्ष झालं. चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा ठेवून दिला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. घरातली सगळी पत्रं तूच लिहायचीस. आता तुलाच लिहायचं, तर मजकूर सांगू कोणाला?

आज बसलो त्याला कारण आहे. परतवाड्याचं घर बंद करून मी आता रुथकडे, आपल्या मुलीकडे, अमरावतीला राहतो. काल चर्चमधली उपासना सुटल्यावर मंडळीच्या मनोहरसरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, तयारीला लागा. पुन्हा केनियाला जायचं. या वेळी शाळा बांधायची. तुमच्याशिवाय कोण आहे आमाले?" तोच हात, सालोमी. तोच खांदा.

गेल्या वेळी मी नाहीच म्हणत होतो, आठवतं ना? तिकडे चर्च बांधायला मंडळीतून बारा जण निघाले होते. बँकेतले दोघे, शाळेतल्या बाई, कॉलेजच्या पोरी. थापी धरता येणारा एकटा मी. मला विमानाची भीती, तिथल्या पाण्याची भीती आणि सगळ्यात मोठी भीती, मागे तुला काही झालं तर?

तू काय म्हणालीस? "मले काय होते? रोज सकाळी उठून माही नाडी पाहाता तुमी! तीन हप्ते मले सुखानं जगू द्या. अन् जिंदगीत एक काम तं पुरं करून या!"

लागलं मला ते. अकोल्याचं बोलत होतीस तू. जुन्या शहरातलं ते घर. स्लॅब अर्धा झाला होता आणि शेजारच्याच्या फोनवर निरोप आला, तुला ताप आहे. मी थापी टाकली आणि एसटी पकडली. घरी पोचलो तर तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. "ताप पाहाले आले काय? गेला तो, तुमची वाट पाहून." तुला हसू आलं. पण स्लॅब एका दमात टाकायचा असतो. तो दुसऱ्या दिवशी जोडला, आणि पावसाळ्यात नेमका त्या सांध्यातून गळला. तेव्हापासून सगळे मला 'अर्ध्या स्लॅबचा मिस्त्री' म्हणू लागले. तूही! भावकीत, लग्नात, कुठेही. का गं? तुझ्याच तापासाठी आलो होतो ना?

म्हणून गेलो. तुझे पाय सुजले होते, ते तू साडीच्या काठाखाली लपवलेस. मला दिसलं होतं. दिसूनही गेलो, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

तिथलं तुला सगळं सांगायचं राहिलं. बँकेतले साहेब भिंत सरळ आहे का पाहायला ओळंबा धरायचे तो स्वतःच झुलत. पोरी घमेल्यात चार मुठी वाळू घेऊन फोटो काढायच्या. गावातल्या बाया मात्र खऱ्या कामाच्या. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना, पण घमेलं हातात आलं की सगळं कळायचं. लहानसंच चर्च. भिंती मी सरळ आणल्या. तिथे मला कोणी अर्ध्या स्लॅबचा म्हणत नव्हतं.

बुधवारी तुझा फोन आला. आवाज बारीक होता. "काहो, येता काय लवकर?"

एवढंच विचारलंस. आयुष्यात पहिल्यांदा तू मला बोलावलंस! आणि मी काय केलं? समोर सगळे जेवायला बसले होते. मी मोठ्यानं म्हणालो, "अवं, परवा स्लॅब आहे. स्लॅब सोडून येऊ काय? पुन्हा अकोला करू काय?" सगळे हसले. सरांनी पाठीवर थाप मारली. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, लाइन गेली.

गुरुवारी सकाळी तू गेलीस. दुपारपर्यंत सरांना कळलं होतं. संध्याकाळी त्यांनी मला जास्तीचा चहा दिला, आणि मी मूर्खासारखा खूश झालो.

शुक्रवारी स्लॅब टाकला. सकाळपासून सुरू केला, मध्ये पाणी प्यायलाही उतरलो नाही. एक सांधा नाही, सालोमी. बाया गाऊ लागल्या, कोणीतरी माझ्या गळ्यात फुलं घातली. मी हसत होतो. त्या हसण्याचा फोटो आहे. कोपऱ्यात वेळ उमटलीय, दुपारचं दीड. तिथलं दीड म्हणजे आपल्याकडचे चार. रुथनं नंतर सांगितलं, परतवाड्याच्या कब्रस्तानात तुला चार वाजता खाली उतरवलं. सगळ्यांनी मूठमाती दिली. माझ्या मुठीत थापी होती.

तो फोटो आता इथल्या चर्चच्या दारात लावलाय. दर रविवारी मी स्वतःच्या दातांखालून आत जातो.

थापी धुऊन ठेवल्यावर सरांनी मला बाजूला नेलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, मन घट्ट करा. वहिनी काल गेल्या." आणि माझ्या तोंडातून पहिलं काय निघालं, ऐक. मी म्हणालो, "मंग उद्यापासून स्लॅबवर पाणी कोण मारन?"

हेच लिहायला वर्ष लागलं. तुझं नाव नाही, हंबरडा नाही. पाणी! सर गेले आणि बँकेतल्या साहेबांना म्हणाले, "पाहा, माणूस किती कामाचा!"

घरी आल्यावर रुथला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "आईच म्हणाली, बाबा. स्लॅब होईपर्यंत त्याइले सांगू नोका." मी मान हलवली. तुझ्यासारखंच बोलणं होतं ते. कडू, पण माझ्या भल्याचं. त्यावर मी दोन महिने जगलो.

मग एक दिवस तुझी तिवशाची मावशी भेटायला आली. मी आतल्या खोलीत पडलो होतो. रुथ तिला सांगत होती, "बुधवारी बाबाइचा फोन ठेवला, अन् आईची वाचाच गेली. मंग एक शबुद नाही बोलली."

मी बाहेर येऊन उभा राहिलो. विचारलं, "मंग सांगू नोका म्हणे कोण?"

रुथ उठून माझ्यासमोर आली. मग म्हणाली, "बाबा, सांगून काय झालं असतं? विमानानं याले दोन दिवस लागतात. मूठमाती नसतीच भेटली तुमाले. अन् तिथं स्लॅब अर्धा राहिला असता, ते वेगळं." पोटची पोर, सालोमी. तीही स्लॅबच म्हणाली.

खरं काय? तू म्हणालीस, की रुथनं आणि सरांनी ठरवलं? तू म्हणाली असशील तर मला माफ केलंस, निदान एकदा पुरा मिस्त्री मानलंस. नसशील म्हणाली, तर तुझं शेवटचं बोलणं 'येता काय लवकर' आणि माझं उत्तर ते. मग मी कुठे जाऊ?

केनियाला जाणार नाही, सरांना सांगून टाकलं. तुझ्या कबरीवर अजून नुसती माती आहे. लोक विचारतात, मिस्त्रीच्या बायकोची कबर कच्ची कावून? आता या थंडीत तिचं काँक्रीट मी माझ्या हातानं टाकीन, एका दमात, आणि पाणीही मीच मारीन. शब्द देतो. मध्ये कोणीही मेल्याचा निरोप आला तरी उठणार नाही.

फक्त तुझा निरोप आला तर उठेन, हे मला ठाऊक आहे. मग सांधा पडेल. म्हणून आधीच सांग. बुधवारी फोन ठेवल्यावर तू काही बोललीस का? दोन शब्द चालतील. कडू चालतील. मी थांबलोय. लवकर कळव.

तुझा,
शांतवन मिस्त्री